पडद्याआडचे कथन आणि पुरावा : पर्वीन मिस्त्री कादंबरीमालेचे एक वाचन

धर्मगुरूने रहस्यकथा वाचाव्यात काय, हा प्रश्न आपल्या वर्तुळात अजूनही थोड्या संकोचानेच विचारला जातो. रेल्वेच्या प्रवासात वेळ घालविण्याचे साधन म्हणून त्या खपून जातात. अभ्यासिकेत मात्र भाष्यग्रंथांच्या मागच्या रांगेत त्यांची रवानगी होते. वस्तुतः या वाङ्मयप्रकाराशी धर्मगुरुवर्गाचे नाते जुने आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, आणि त्याच नॉक्सने पुढे लॅटिन व्हल्गेटवरून संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर एकहाती केले. त्याच्या नियमांपैकी एक ध्यानात ठेवण्याजोगा आहे : उकलीच्या कामी अलौकिक शक्तींना आणावयाचे नाही. चमत्कारावर श्रद्धा असलेल्या माणसानेच हे दार लावून घ्यावे, यात मला विसंगती दिसत नाही. माणसाने केलेल्या पापाची उकल माणसाच्या बुद्धीने आणि कष्टाने झाली पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे. चेस्टर्टनचा फादर ब्राउन १९११ मध्ये पुस्तकरूपाने आला, तो तर पापनिवेदने ऐकून माणसाचे मन जाणणारा धर्मगुरूच. एलिस पीटर्स यांनी १९७७ ते १९९४ या काळात वीस कादंबऱ्यांतून बाराव्या शतकातील श्रूजबरीच्या मठात राहणारा बेनेडिक्टाइन मठवासी कॅडफेल रंगविला, आणि ऐतिहासिक रहस्यकथामाला हा प्रकार लोकप्रिय करण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

मराठीत असे का झाले नाही, हा विचार यानिमित्ताने मनात येतो. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकथा या दोन बहिणी वेगवेगळ्या घरी वाढल्या. हरि नारायण आपट्यांपासून रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’पर्यंत ऐतिहासिक कादंबरी राजवाड्यांत आणि रणांगणांवर वावरली, बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली, पण त्या वर्तमानातल्या. सामान्य माणसाच्या घरातील गुन्ह्याच्या वाटेने इतिहासात शिरणारी लेखणी आपल्याकडे फारशी घडली नाही. तेव्हा मराठी मुलखावरची अशी मालिका वाचावयाची तर इंग्रजीकडे वळावे लागते. सुजाता मॅसी या अमेरिकेत राहणाऱ्या लेखिकेची पर्वीन मिस्त्री कादंबरीमाला ही ती होय. ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८), ‘द सातापूर मूनस्टोन’ (२०१९), ‘द बॉम्बे प्रिन्स’ (२०२१) आणि ‘द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाउस’ (२०२३) या पहिल्या चार कादंबऱ्यांचाच विचार येथे केला आहे. खुनी कोण, हे मी कोठेही सांगणार नाही.

नायिका पर्वीन ही मुंबईतील तरुण पारशी वकील. ऑक्सफर्डला शिकून आलेली. वडील जमशेदजी यांच्या कचेरीत काम करते. काळ १९२१ च्या आसपासचा. कायद्याचे ज्ञान तिच्यापाशी आहे, परंतु न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याचा अधिकार नाही. स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये झाला. म्हणजे ज्या काळात कथा घडते त्या काळी पर्वीन कागदपत्रे करू शकते, सल्ला देऊ शकते, पण न्यायाधीशासमोर तिचे तोंड बंद. लेखिकेने या अडचणीचाच कथेला उपयोग करून घेतला आहे. जिला न्यायालयात बोलता येत नाही तिला इतरत्र ऐकावे लागते. आणि जेथे पुरुष वकिलाला पाऊल टाकता येत नाही त्या जनान्यात तिला मात्र मुक्तद्वार आहे.

पहिल्या कादंबरीत मलबार हिलवरील एका श्रीमंत मुसलमान व्यापाऱ्याच्या तीन विधवा गोषात राहतात. पतीच्या मृत्यूनंतर त्या तिघींनी आपला वारसाहक्क धर्मादाय निधीला देऊन टाकण्यास संमती दिल्याचे पत्र पर्वीनच्या हाती येते. त्या संमतीपत्रावर एकीने सहीऐवजी फुली केलेली असते. जिला वाचता येत नाही तिने कशाला संमती दिली, या एका शंकेतून पुढची सारी कथा उलगडते. पर्वीन तिघींना एकत्र बसवून विचारीत नाही. एकेकीला वेगळी भेटते. येथे दानिएलाच्या तेराव्या अध्यायातील सुसान्नेची कथा आठवल्यावाचून राहत नाही. (आपले प्रोटेस्टंट बंधू हा अध्याय प्रमाणग्रंथात धरीत नाहीत, तरी कथा त्यांनाही परिचित आहे.) तरुण दानिएल दोन्ही वडीलधाऱ्या साक्षीदारांना एकमेकांपासून दूर करून तोच प्रश्न विचारतो आणि त्यांचे खोटे उघडे पडते. मॅसी यांच्या कादंबरीत रीत तीच, पण फलित वेगळे आहे. दानिएलाच्या कथेत माणसे वेगळी केल्याने खोटे बाहेर आले. येथे स्त्रिया वेगळ्या केल्याने आजवर बोलता न आलेले खरे बाहेर येते. एकीच्या उपस्थितीत दुसरी गप्प, आणि तिन्हींवर घरातील मुखत्याराचा पहारा. आपल्यापैकी ज्यांनी गावोगाव कुटुंबांच्या भेटी घेतल्या आहेत त्यांना हे नवे नाही. सासूसमोर विचारलेल्या प्रश्नाला सून जे उत्तर देते, ते तिचे उत्तर नसते.

त्या फुलीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमच्या बालाघाट जिल्ह्यातील बिरसा तहसिलीत गोंड आणि बैगा वस्त्यांतून काम करणाऱ्या धर्मशिक्षकांना अंगठ्याच्या ठशाचे महत्त्व वेगळे समजावून द्यावे लागत नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याखालील दाव्याचा कागद असो, बँकेचा असो की सावकाराचा, ठसा उमटण्यापूर्वी तो कोणी मोठ्याने वाचून दाखविला होता काय, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. वाचून दाखविणारा बहुधा धर्मशिक्षकच असतो. एवढ्यासाठी तरी या कादंबरीची पहिली शंभर पाने त्याने वाचावीत, असे मला वाटते.

आता कायद्याविषयी. पर्वीनचे स्वतःचे एक दुःख आहे, आणि पहिल्या कादंबरीत ते १९१६-१७ च्या प्रकरणांतून सांगितले आहे. तिचा विवाह कलकत्त्याच्या एका तरुणाशी झाला, छळ झाला, पती वेश्यागमन करणारा निघाला. तरी तिला घटस्फोट मिळत नाही, केवळ न्यायालयीन विभक्तता मिळते. हे लेखिकेने कल्पनेने रचलेले नाही. १८६५ च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्यात पतीच्या व्यभिचारातून वेश्यागमन वगळले होते आणि केवळ क्रौर्य हे घटस्फोटाला पुरेसे कारण नव्हते. ही प्रकरणे वाचताना ख्रिस्ती वाचकाने पारशी समाजाकडे बोट दाखविण्याची घाई करू नये. १८६९ च्या ज्या कायद्याने हिंदुस्थानातील ख्रिस्ती विवाहांचा निवाडा होत असे, त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचारासोबत क्रौर्य, दोन वर्षांचा त्याग किंवा तत्सम दुसरे काही सिद्ध करावे लागे. पारशी कायदा १९३६ मध्ये बदलला. आपला बदलण्यास २००१ साल उजाडावे लागले. विवाह अविच्छेद्य आहे ही आपली श्रद्धा. परंतु त्या अविच्छेद्यतेचे ओझे एकाच खांद्यावर द्यावे, असे कोणत्याही धर्मवचनात लिहिलेले नाही. ही गोष्ट एका कादंबरीने आठवण करून द्यावी, धर्मपीठांवरून ती क्वचितच ऐकू यावी, याची मला खंत वाटते.

परंतु या मालिकेचे खरे मर्म मला वेगळ्याच ठिकाणी दिसते, आणि धर्मगुरूने तिच्याकडे वळावे ते त्यासाठी. रहस्यकथेचा जन्मजात धर्म असा की तिच्यात प्रत्येक बोललेला शब्द पुरावा होतो. माणूस काही सांगतो, आणि वाचक लगेच हिशेब मांडतो : हे खरे की खोटे, याचा उपयोग काय. कोणी रडत असेल तर ते रडणेही संशयास्पद. उलट विश्वासाने सांगितलेले कथन, ज्याचा सर्वोच्च प्रकार आपण प्रायश्चित्त संस्कारात जाणतो, तेथे ऐकणाऱ्याने त्याचा काहीही उपयोग करावयाचा नसतो. धर्मसंहितेचे ९८३ वे कलम आपणा सर्वांना पाठ आहे. पर्वीनचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. ती वकील असल्यामुळे अशिलाचे गुपित राखण्यास बांधलेली. कथेची नायिका असल्यामुळे गुपित फोडण्यास बांधलेली. पहिल्या कादंबरीतील काही उत्तम प्रसंग या ताणातून आलेले आहेत. एका विधवेने सांगितलेले दुसरीला सांगावे काय? पोलिसांना सांगावे काय? आणि जी दुसऱ्यांची गुपिते शोधते ती स्वतःच्या मोडलेल्या संसाराची गोष्ट मात्र आपल्या अशिलांपासून लपवून ठेवते. ही विषमता लेखिकेने जाणूनबुजून ठेवली आहे, आणि तिचे उत्तर दिलेले नाही. ते बरेच केले.

तिसऱ्या कादंबरीत हा विषय अधिक गंभीर होतो. फ्रेनी कटिंगमास्टर ही अठरा वर्षांची पारशी विद्यार्थिनी पर्वीनकडे सल्ला मागण्यास येते. युवराजाच्या स्वागताला जावयाचे नसेल तर कॉलेज काही कारवाई करील काय, असा तिचा प्रश्न. थोड्याच दिवसांत, १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सची मिरवणूक कॉलेजसमोरून जात असताना, ती सज्जावरून पडून मरण पावलेली आढळते. त्या दिवशी मुंबईत खरोखरच दंगल उसळली, ती काही दिवस चालली, पन्नासहून अधिक माणसे मेली. बहिष्कार मोडून स्वागताला गेलेल्या पारशी आणि ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले, आणि गांधीजींनी शांततेसाठी उपवास आरंभिला. या धुमाळीत एका मुलीच्या मृत्यूची चौकशी कॉरोनरच्या न्यायालयात चालते. आईवडिलांना मृतदेह हवा आहे, विधी हवे आहेत; न्यायालयाला तो देह पुरावा म्हणून हवा आहे. पर्वीन त्या कुटुंबाच्या बाजूने उभी राहते, कारण जिवंतपणी आलेल्या मुलीला आपण पुरेसे ऐकले नाही ही बोच तिला आहे. मृत्यूनंतरच्या चौकशीतून जिवंतपणी राहून गेलेल्या ऐकण्याची भरपाई होते काय? कादंबरी खुनी शोधून देते. या प्रश्नापाशी मात्र ती थबकते. प्रस्तुत लेखकाच्या मते चारही कादंबऱ्यांतील हा सर्वांत प्रामाणिक भाग आहे, जरी रहस्याची बांधणी म्हणून ती पहिलीपेक्षा सैल आहे.

दुसरी कादंबरी मला कमी भावली. सह्याद्रीतील सातापूर नावाचे काल्पनिक संस्थान, अल्पवयीन राजपुत्र, त्याच्या शिक्षणावरून आजी आणि आई यांच्यात वाद, दोघीही पडद्यात; आणि सरकारच्या कोल्हापूर एजन्सीने तडजोडीसाठी धाडलेली पर्वीन. विषय उत्तम आहे. पण जंगल, पाऊस, राजवाडा आणि शाप यांचे वातावरण इतके दाट झाले आहे की मराठी संस्थानी जीवनाचा खरा वास त्यात हरवतो. कोल्हापूर, सांगली, भोर यांचा इतिहास ज्याने थोडाफार वाचला आहे त्याला हे संस्थान परदेशी वाचकांसाठी सजविलेले वाटेल. तसेच पर्वीनची काही मते आणि बोलण्याची धाटणी १९२१ ची नसून शंभर वर्षांनंतरची आहे. ऐतिहासिक कादंबरीकाराला एवढी सवलत देतात. मॅसी ती कधी कधी जास्तच घेतात.

ही दुसरी कादंबरी दुबळी असली तरी एका वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. सरकारने पालकत्व घेतलेल्या अल्पवयीन वारसांच्या आणि पडदानशीन स्त्रियांच्या बाजूने बोलण्यास गेलेली वकील स्त्री, हे चित्र इतिहासातून उचललेले आहे, आणि ती स्त्री ख्रिस्ती होती. कोर्नेलिया सोराबजी हे तिचे नाव. जन्म नाशिक येथे, १५ नोव्हेंबर १८६६. वडील रेव्हरंड सोराबजी खर्सेदजी लंगराना हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. १८३९ मध्ये डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिल्यावर केवढे वादळ उठले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसे गेले, हे मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात नोंदलेले आहे. त्याच वादळाच्या काळातील लंगराना यांचे धर्मांतर. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालविली. कोर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती गुणांनी तिची होती, पण स्त्री म्हणून नाकारण्यात आली. मग वर्गणीच्या मदतीने ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरली. १९०४ पासून तिने बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सची सल्लागार म्हणून वाड्यावाड्यांतून, पालखीतून, नावेतून प्रवास करीत पडदानशीन स्त्रियांच्या मिळकतीचे रक्षण केले. न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार तिला मिळाला तोवर तिने पन्नाशी ओलांडली होती. १९५४ मध्ये लंडन येथे तिचे निधन झाले.

पर्वीनची कल्पना कोर्नेलिया सोराबजी आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री मिठन लाम या दोघींवरून सुचल्याचे लेखिकेने सांगितले आहे. लाम पारशी होत्या. म्हणजे पर्वीनला पारशी ठेवण्यास आधार आहे, आणि कादंबरीकाराचे हे स्वातंत्र्य मला मान्य आहे. तरी या निवडीत काय गळले ते पाहिले पाहिजे. कोर्नेलिया जनान्यात शिरली ती केवळ स्त्री म्हणून नव्हे. ती ख्रिस्ती, जन्माने पारशी वंशाची, संगोपनाने अर्धी इंग्रज, अशी कोणत्याच घराची पूर्णपणे नसलेली स्त्री होती. तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या राण्यांना तिच्या धर्माची शंका येत असणारच. ही बाई आपले ऐकते ते कशासाठी? बाटविण्यासाठी की वाचविण्यासाठी? अशा संशयाखाली राहून वर्षानुवर्षे ऐकत राहणे हे पर्वीनच्या कोणत्याही साहसापेक्षा कठीण होते. या संशयाचे नाट्य मालिकेत येत नाही, कारण पर्वीनपाशी ती अडचणच नाही. तिच्या श्रद्धेला कोणी हरकत घेत नाही, आणि स्वराज्याच्या प्रश्नावरही तिचे मन आजच्या वाचकाला रुचेल अशा बाजूला आहे. कोर्नेलिया तशी नव्हती. ती ब्रिटिश सत्तेची पक्षपाती राहिली, गांधीजींच्या चळवळीला तिने विरोध केला, कॅथरिन मेयोच्या १९२७ मधील ‘मदर इंडिया’ या पुस्तकाची बाजू घेतली आणि त्यापायी लोकांतून उतरली. म्हणूनच बहुधा आपणही तिला विसरलो. पंडिता रमाबाईंना आपण आपल्या म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. कोर्नेलियाचे नाव आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत मला आढळले नाही. अवघड पूर्वजांना घरात जागा देणे आपल्याला जमत नाही. कादंबरीकाराने तिचे काम घेतले आणि तिचा धर्म व तिचे राजकारण गाळले. आपण तर तिघांनाही सोडून दिले.

यातून आणखी एक फरक पुढे येतो. पर्वीनचे प्रत्येक प्रकरण शेवटच्या पानावर मिटते. रहस्यकथेला ते करावेच लागते. न मिटलेली रहस्यकथा कोण विकत घेईल? कोर्नेलियाची प्रकरणे मिटत नसत. वाडा तोच, भाऊबंद तेच, दिवाण तोच. ती निघून गेली की दार पुन्हा बंद. आपल्या सेवाक्षेत्रातील प्रकरणेही अशीच असतात. संत पौल कलस्सैकरांस लिहिताना ज्या रहस्याची गोष्ट करतो ते युगानुयुगे झाकलेले होते आणि प्रगट झाले, पण प्रगट झाल्यावर संपले नाही. माणसांमध्ये वस्ती करून राहिले. रहस्यकथेतील रहस्य उकलले की उरत नाही. दोन्हींसाठी मराठीत शब्द एकच असल्याने आपल्या प्रवचनांतून पुष्कळदा घोटाळा होतो, हे जाता जाता नमूद करतो.

चौथ्या कादंबरीत सुनंदा ही आया आगीतून एका बालकाला वाचविते, आणि पुढे तिलाच गर्भपाताच्या आरोपाखाली अटक होते. तक्रार करणारा पुरुष शोधू गेल्यास सापडत नाही; असा कोणी आहे की नाही याचीच शंका. भारतीय दंड संहितेचे ३१२ वे कलम गर्भपात करणाऱ्या इतरांबरोबर स्वतः स्त्रीलाही दोषी धरीत असे. गर्भातील जीवाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि ही कादंबरी वाचून ती बदलण्याचे कारण नाही. लेखिकेची सहानुभूती वेगळ्या टोकाला झुकते, हे धर्मशिक्षकांनी लक्षात घेऊन वाचावे. परंतु तक्रारदार नसतानाही कायदा सापडतो तो नेमका मोलकरणीलाच, हे तिचे निरीक्षण खोडून काढता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमचा दिला. तो अधिकार मागण्यास सुनंदेसारखी स्त्री आपल्या दारी येते काय, आली तर दाराशी कोणाला पाहून परत फिरते, हे प्रत्येकाने आपापल्या धर्मग्रामात तपासावे.

मालिका वाचावयाची तर पहिल्या पुस्तकापासून वाचावी. तिसरे पहिल्याशिवाय कळणार नाही, दुसरे गाळले तरी चालेल. इंग्रजी सोपी आहे, पण धर्मशिक्षकांपैकी अनेकांना ती अवघड जाईल. त्यांच्यासाठी मराठीत दुसरी सोय आहे, आणि तीही आपल्याच घरची. बाबा पद्मनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. पुष्कळ अभ्यासक ती मराठीतील पहिली कादंबरी मानतात. एक ख्रिस्ती लेखक, आणि विषय हिंदुस्थानातील विधवांची स्थिती. त्यात खून नाही, हेर नाही. यमुना नवऱ्यासोबत गावोगाव फिरते आणि वाटेत भेटलेल्या विधवांची कर्मकहाणी ऐकून घेते.